वरवंट्यातलं दुखणं

द्रौपदाबाई गेली, तेव्हा तिचा नवरा आधार हा पाणीबुवाच्या अंगणात उभा होता आणि सारी गर्दी त्याला नशीबवान म्हणत होती.

साल शहाऐंशी. अमळनेरकडच्या गावात बुवाची रीत अशी: बाई आजारी पडली की तिचा वरवंटा आणायचा. रोज तिच्याच हातात असतो, म्हणून तिचं दुखणं त्यात उतरतं. परातीत काठोकाठ भरलेलं गंगाळ ठेवायचं, त्यात वरवंटा बुडवायचा आणि सांडलेलं पाणी तांब्याने मोजायचं. जितकं पाणी, तितकं दुखणं. द्रौपदाबाई खोकून खोकून रक्त टाकत होती. पहिल्या गुरुवारी तिचं माप दीड तांब्या भरलं. आज जेमतेम एक.

"भरलं गंगाळ, उतरलं जंजाळ!" बुवा गरजला. "उरलं ते दगडाचं पाणी. बाई मोकळी झाली!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात शेजारचा जीवराम सायकल टाकून गर्दीत घुसला.

"आधारभाऊ, घर चाला. वहिनी गई."

बुवाने डोळे मिटले. "मोकळी झाली, बोललो ना मी!"

काही जणांनी हातसुद्धा जोडले.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. आधार स्वतःच मिरची वाटायला बसला. वाटून झाल्यावर वरवंटा भरल्या बादलीत बुडवला, तर पाणी पायांवर सांडलं. त्याने तो काढून ठेवला, बादली पुन्हा भरली आणि हाताची आग होत होती म्हणून नुसता हात कोपरापर्यंत आत घातला. पाणी पुन्हा सांडलं.

त्याला बुवाचा हात आठवला. पहिल्या गुरुवारी बुवाने "दुखणं खोल आहे" म्हणत वरवंट्याबरोबर कोपरापर्यंत हात बुडवला होता. शेवटच्या गुरुवारी वरवंटा दोरीने सोडला होता.

पुढे जीवरामची बायको लिलाबाई खोकू लागली. जीवराम तिचा वरवंटा घेऊन निघाला, तसा आधारही मागोमाग गेला. बुवाचा हात कोपरापर्यंत बुडाला. दीड तांब्या.

"महाराज, आते दोरीवर सोडा," आधार म्हणाला.

"देवाचं माप तू मोजणार? स्वतःची बायको घालवलीस, आता याची घालवतोस?"

आधारने गंगाळ काठोकाठ भरलं, वरवंट्याला दोरी बांधली आणि सोडला. एक तांब्या.

"पाहिलंत? माझ्या नुसत्या नजरेने दुखणं उतरलं!"

गर्दीने जयजयकार केला. आधारने गंगाळ परत भरलं. वरवंटा बाजूला ठेवला आणि आपला रिकामा हात कोपरापर्यंत बुडवला. परातीतलं पाणी तांब्यात ओतलं. अर्धा तांब्या.

"हाई कोनं दुखनं शे, महाराज?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे ते त्याना हातनं पानी?"

"हा, अक्का. दगड तेवढाच ऱ्हायना, हात कमी व्हत गया." मग तो जीवरामकडे वळला. "लिलाबाईले दवाखानामा लई जा. आजच."

जीवराम दुपारच्या एसटीने लिलाबाईला धुळ्याला घेऊन गेला. बुवाने रात्रीतून गाव सोडलं.

वस्तू जेवढी जागा घेते, तेवढंच पाणी सांडतं. दुखणं माणसाच्या अंगात असतं आणि तिथेच तपासावं लागतं. हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. भरलेलं गंगाळ पुरे.

द्रौपदाबाईची छाती मात्र कुठल्याही डॉक्टरने तपासली नाही. ते राहूनच गेलं.