मी उचकटलेले पांढरे दगड

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, ही अजून भंगारात कशी गेली नाही? पातं झिजून निम्मं राहिलंय, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलीय. मी थापी आहे, पण गवंड्याची नव्हे. जमिनीतल्या जुन्या खुणा शोधणाऱ्या देर्वलाची. उभ्या आयुष्यात मी एक वीट बसवली नाही, नुसती माती खरवडली.

माझा जन्म शेफील्डच्या भट्टीतला. पातं आणि दांडा एकाच पोलादातून ठोकलेला, म्हणून मी कधी मोडले नाही. देर्वलाने शिकत असताना मला घेतलं आणि मुठीवर आपलं नाव कोरलं. आमच्या आयर्लंडात शेतात घरं बांधायची म्हटलं की बऱ्याचदा आधी चर खणून पाहावं लागतं, खाली जुनं काही आहे का. अशी कितीतरी शेतं मी पालथी घातली. चुली सापडल्या, विहिरी सापडल्या. एकदा हाडाचा कंगवा निघाला तेव्हा देर्वलाने चक्क माझा मुका घेतला. तेव्हापासून मी शेफारलेच. माझ्या टोकाखालून काही निसटत नाही, असं मला वाटायचं.

मग मेयो परगण्यातलं ते समुद्राजवळचं शेत आलं. तिथे चौतीस घरं होणार होती आणि आम्हाला बारा चर खणायचे होते. पोकलेनवर मॅटी, खाली आम्ही दोघी. शेजारची डेलिया आजी रोज दगडी कुंपणापाशी येऊन उभी राहायची. वय चौऱ्याऐंशी, पायात रबरी बूट, हातात चहाची किटली आणि लोणी लावलेला पाव. देर्वला पावसाबद्दल बोलायची, आजीही पावसाबद्दल बोलायची. मॅटी म्हणायचा, म्हातारीला काही उद्योग नाही, आपल्यावर पहारा ठेवतेय.

नववा चर कोपऱ्यातल्या काटेरी झुडपांतून गेला. तिथे पांढरे दगड निघाले. शेताच्या कोपऱ्यात दगड असायचेच, त्यात आम्हाला काही नवल वाटलं नाही. देर्वलाने वहीत लिहिलं, शेतकऱ्याने वेचून टाकलेले दगड. मी ते एकेक उचकटले आणि मॅटीने मातीच्या ढिगावर लोटले. खालची माती जरा काळसर होती. ती झुडपांची मुळं असणार, असं आम्ही ठरवून टाकलं.

पाचव्या दिवशी चर बुजवायचे होते. मॅटी नवव्याकडे वळला तशी डेलिया आजी कुंपण ओलांडून आत आली. त्या दिवशी तिच्या हातात किटली नव्हती.

"पोरी, माझा भाऊ सापडला का गं तुला?"

देर्वलाला काही उमजेना. मग आजीने मॅटीकडे पाठ करून हळू आवाजात सगळं सांगितलं. पूर्वी बाप्तिस्मा व्हायच्या आधीच जी बाळं जायची, त्यांना चर्चच्या दफनभूमीत जागा नसे. बाप खोकं काखेत घेऊन एकटाच या कोपऱ्यात यायचा, पुरायचा आणि वर पांढरे दगड मांडायचा. आजी सहा वर्षांची असताना तिचा भाऊ असाच गेला. त्याला नावही मिळालं नाही. बाप मासे मारायचा. आपलं पोर ओळखू यावं म्हणून त्याने किनाऱ्यावरचा भोक पडलेला एक दगड त्याच्यावर ठेवला होता. हे त्याने मरताना आजीला सांगितलं. आईने मात्र बजावलं होतं, घराबाहेर चकार शब्द काढायचा नाही.

"चार दिवस सांगायलाच येत होते गं," आजी म्हणाली. "वाटलं, तू विचारशील."

देर्वलाने हात वर करून मॅटीला थांबवलं. मला तर लाजेने मातीत गडप व्हावंसं वाटलं.

काम थांबलं. दोन दिवस ढीग चाळल्यावर तो भोकाचा दगड मिळाला. आम्ही मुळं म्हणून सोडून दिलेल्या मातीत अकरा छोटे खड्डे निघाले. हाडं नव्हतीच, तिथली आम्लयुक्त माती सगळं खाऊन टाकते. कोपरा घरांच्या आराखड्यातून वगळला गेला आणि जो तो म्हणाला, चांगलं झालं. पण आजीला एवढंच हवं होतं, यातला कोणता?

"दगड कुठल्या जागी होता ते मी लिहिलं नाही, आजी," देर्वला म्हणाली. "मीच काढला, आणि मला आठवत नाही."

"अठ्ठ्याहत्तर वर्षं होता की गं जागेवर."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने तो दगड बराच वेळ हातात धरला. मग वाकून अकरा खड्ड्यांच्या मधोमध ठेवला आणि म्हणाली, "यातला एक माझा. कोणता ते कळत नाही, म्हणजे आता सगळ्यांचं मीच बघायचं."

त्या हिवाळ्यात आजी गेली. तिला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळाली, भावापासून दीड मैलावर.

देर्वलाने नवी थापी घेतली आणि मी टेबलाच्या खणात पडले. तिने मला दोष दिला नाही, पण मला हातात धरणं तिला जमेना. आता मला गंज चढतोय आणि त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, मागणं एकच आहे. कुठलीही जमीन उकरण्याआधी कुंपणापाशी जो उभा असेल त्याला विचारा. तो आपणहून सांगणार नाही.