नुसत्या वासावर

सासऱ्यांचा द्राक्षमळा लहान, पण तोरा मोठा. सगळं जग लावतं त्या जातींना त्यांनी कधी हात लावला नाही. त्यांच्याकडे फुर्मिंट, असिर्तिको, सापेरावी. ऐकणाऱ्याला औषधांची नावं वाटावीत. वाईनचा पेला नाकाशी धरून, घोटही न घेता, ते द्राक्षाची जात सांगत. गिऱ्हाइकं त्यांना ‘नाकसाहेब’ म्हणत आणि ते फुगत.

सून घरात आली तेव्हा तिला वाईनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनीच तिला शिकवलं, पण टोचून टोचून. “ओल्या दगडासारखा वास तो असिर्तिको. कच्च्या नाशपातीसारखा तो फुर्मिंट. नाक आहे की चष्मा टेकवायची खुंटी?” ती मान खाली घालून हुंगत राहिली. हळूहळू दोन्ही वेगळे कळू लागले. सापेरावीवर तर तिचा जीवच जडला. इतर काळ्या द्राक्षांचा गर पांढुरका, हिचा गरही लाल.

एकदा तिचे वडील आले. शिवणकाम करणारा साधा माणूस. सासऱ्यांनी पाहुण्यांदेखत त्यांच्या हातात पेला दिला.

“आमची सगळ्यात दुर्मिळ जात. कशी वाटली?”

“फार छान,” वडील घोट घेऊन म्हणाले. “नाजूक आहे.”

ते पेले विसळलेलं पाणी होतं. पाहुणे पोट धरून हसले. का हसतात ते न कळून वडीलही हसले. नंतर कुणीतरी त्यांना सांगितलं. मरेपर्यंत ते पुन्हा त्या घराची पायरी चढले नाहीत. “आमच्या बाबांचा स्वभावच तसा,” एवढंच नवरा बोलला.

पुढे सासऱ्यांना ताप आला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. आधी सुनेच्या लक्षात आलं. दूध करपून घरभर वास सुटला तरी ते शेजारी पेपर वाचत बसले होते. मोठ्या खरेदीदारांची बैठक तोंडावर आली, तेव्हा ते स्वतःच तिच्याकडे वाईनच्या तळघरात आले.

“तू पेले भरशील ना? फुर्मिंट असला तर उजव्या हाताने दे, असिर्तिको डाव्या. कुणाला कळायला नको, पोरी.”

पोरी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“बरं, बाबा,” ती म्हणाली.

बैठकीला खरेदीदार आले, मळेवाले आले. सुनेने पहिला पेला उजव्या हाताने दिला. “फुर्मिंट,” सासरे म्हणाले. बरोबर! टाळ्या पडल्या. मग कोपऱ्यातलं बिघडलेलं पिंप तिने उघडलं. आतल्या वाईनचा आंबून पार सिरका झाला होता. तिने सगळ्यांचे पेले भरले आणि सासऱ्यांना डाव्या हाताने दिला.

त्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. “अहाहा! असिर्तिको. काय निर्मळ वास आहे! यंदाचा सगळ्यात सरस.”

एका बाईने रुमाल नाकाला लावला. थोरला खरेदीदार खाकरला. “साहेब, हा सिरका आहे.”

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. ती शांतपणे पिंपाची तोटी पुसत होती. घाईघाईने त्यांनी घोट घेतला, आणि तोंड वाकडं झालं. मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग हसू आवरेना.

“यांचा वास गेलाय,” सून म्हणाली. “ताप आला तेव्हापासून. घरात सगळ्यांना माहीत आहे. पुढचे पेले मी सांगते.”

तिने सांगितले, एकही चुकला नाही. सौदे तिच्याशी ठरले.

पाहुणे गेल्यावर नवरा म्हणाला, “म्हाताऱ्याला मारलंस गं तू.” आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. उलट भूक लागली होती, आणि ती पोटभर जेवली.

सासरे उशिरा दारात आले. “तळघरात नुसता बसत जाईन. चालेल?”

“वास येत नाही त्याने तिथे बसून काय करायचं, बाबा?” ती म्हणाली, आणि तळघराची किल्ली कमरेला खोचली.