चालीपुरते शब्द

"हेच शब्द ठेवायचे," संगीतकार शायराला म्हणाला.

सिनेमाच्या धंद्यात चाल आधी, शब्द मागून. तोवर चाल ध्यानात राहावी म्हणून कवीने मापात बसेल ते काहीही बरळायचं. भाजीचे भावसुद्धा चालतात. शायर उर्दूतला मोठा माणूस, पण पोटासाठी हे बरळणंही इमानेइतबारे करत आलेला. आज मात्र जिभेने दगा दिला. मापात बसल्या त्या नेमक्या त्याच दोन ओळी: उंबऱ्याशी चपला तशाच आहेत, चालणारी तेवढी पुढे निघून गेली. त्याची चार वर्षांची लेक गेली, त्या आठवड्यात लिहिलेल्या. ना कधी मुशायऱ्यात वाचल्या, ना छापायला दिल्या. बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हत्या. आणि आता सिनेमात त्या पार्श्वभूमीला कोणासाठी वाजणार, तर दारू ढोसून बसलेल्या नायकासाठी!

ते तात्पुरतं होतं हो, असं म्हणत त्याने थोडा वेळ मागून घेतला. स्टुडिओतले वादक चहाला गेले. घाम पुसत त्याने एक मुखडा लिहिला, मग दुसरा, मग तिसरा. मापात सगळे चोख. गायिकेने तिन्ही गाऊन पाहिले, संगीतकाराने तिन्हींना नाक मुरडलं. मेल्याचा कान खरा होता, हीच तर पंचाईत. वादक परतून वाद्यं लावू लागले, तेव्हा शायराने बाहेर जाऊन घरी बायकोला फोन लावला. त्या ओळींवर तिचाही तितकाच हक्क होता. चाचरत त्याने सगळं सांगितलं.

"तुम्हाला शब्दांची काय वानवा? दुसरं लिहा ना," बायको म्हणाली.

"लिहिलं गं. तीनदा लिहिलं. त्या ओळींच्या पासंगालाही पुरत नाही."

 

"मग द्या," ती म्हणाली. "पण घरात रेडिओ लावायचा नाही. कधीच."

आत येऊन त्याने नुसता होकार दिला. गायिकेने विचारलं, प्रेयसी सोडून गेल्याचं दुःख हवं ना? मध्ये एखादा हुंदका घालू का?

"नको, बाई," शायर म्हणाला. "रडायचं नाही. चपला कुठे आहेत, एवढंच सांगायचं."

मग तो बाहेर येऊन उभा राहिला. दार लागलं, वर रेकॉर्डिंगचा लाल दिवा पेटला. त्या जाड दारातून काहीच ऐकू येत नव्हतं, तरी तो तिथून हलला नाही.