दगडी कापूस

साखऱ्याच्या शिवारात माझा एक बांध आहे, तिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही. सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात शेजारच्या तांड्यातला वसराम सकाळीच आला आणि म्हणाला, "तातेराव, बांधापाशी एक खड्डा खंदू द्या. पुरुषभर खोल. पुन्हा तिथं कदी नांगर घालू नका."

"काहून? मोहरांचा हंडा पुरतो का काय?"

वसराम हसला नाही. हसलं की खोकला येई, म्हणून अलीकडे तो हसणंच टाळायचा. हिंगोलीच्या एका जिनिंगात त्यानं तेरा वर्षं बॉयलरवर काढली होती. तिथल्या वाफेच्या नळ्यांना पांढरा जाड लेप असायचा. त्यात एक दगड पिंजून केलेला कापूस कालवत. विस्तवात टाकला तरी तो जळत नसे. कामगार त्याला दगडी कापूस म्हणत. जुना लेप वाळला की वसराम आणि त्याचा मिस्त्री भीमसिंग तो खरडून काढत आणि दिवसभर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे फिरत.

त्या कापसाचं एक पोतं वसरामनं घरी आणलं होतं. पाच वर्षांपूर्वी चुलीतली ठिणगी उडून त्याचं छप्पर पेटलं आणि धाकटी पोरगी वाकळीसकट जळून गेली. नवं खोपट बांधलं तेव्हा त्यानं हा कापूस मातीत कालवून चुलीवरचं छप्पर आतून लिंपलं. पुढं ठिणग्या पुष्कळ उडाल्या, पण छप्पर पेटलं नाही. तांड्यात त्याचा भाव वधारला. मीही गोठ्यासाठी थोडा कापूस मागितला. पोतं संपलं, असं त्याची बायको जिवनबाई म्हणाली, तेव्हा मी चार दिवस तोंड फुगवून होतो.

आणि आता हाच माणूस ते सगळं उतरवायला निघाला होता.

"भीमसिंग गेला मागल्या महिन्यात," तो म्हणाला. "दम लागून लागून गेला. आमी तिघं नळ्या खरडायचो, तिसरा आदीच गेला. कोळसा टाकनारे मात्र धडधाकट हायत. मिस्त्री मरताना म्हनला, ती भुकटी छातीत जाऊन बसती, भाईर निघत न्हाई. वाळल्याला हात लावू नको, वल्लं करूनच काढ."

"अरे, पण घरात कोण खरडून राहिलंय?"

"लिंपण तडकलंय. भुरभुर पडून राहिलंय. परातीत, पान्यात. नात तिथंच खेळती."

मला काही पटलं नाही. खोकला कुणाला येत नाही? पण बांध तसाही निकामी होता, म्हणून मी हो म्हणालो आणि खड्डाही खणून दिला.

खरी आडवी आली जिवनबाई. "एक लेकरू जाळलं या घरानं. आता दुसरं जाळता का?" म्हणून ती दारात बसली ती उठेना. वसरामला वाद घालायला दमच नव्हता. त्यानं अंगणात दहा पावलं लांब नवी चूल मांडली आणि विचारलं, "आता सांग, ठिनगी आत येती का?" ती चुलीकडे बघून दारातून उठली.

चार वर्षांची नात पारू, जिचे आईबाप खडी फोडायला परमुलखात गेलेले, तिला तांड्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. भांडीकुंडी, धान्य बाहेर काढलं. वसरामनं नाकातोंडाला ओला पंचा बांधला आणि मला दाराच्या आत येऊ दिलं नाही. मी फक्त पाण्याचे घडे आणून द्यायचे. तो लिंपणावर पाणी शिंपडी, मुरू देई, पुन्हा शिंपडी. मग खुरप्यानं अख्खं ढेकूळ सोडवून अलगद ओल्या पोत्यात ठेवी. मधेच भिंतीला धरून उभा राही. शेवटी मी झाडू पुढे केला, तर त्यानं मान हलवली आणि सगळी भुई ओल्या फडक्यानं टिपून घेतली. ते फडकंही पोत्यातच गेलं.

दुपारी चार ओली पोती खड्ड्यात उतरवली. वसरामनं अंगावरचे कपडे त्यावर टाकले, बांधाआड अंघोळ करून दुसरं धोतर नेसला. मी फावडं उचललं.

"थांबा," जिवनबाई म्हणाली.

तिच्या हातावर पारूची वाकळ होती. आरशांची, कवड्यांची, लाल-पिवळ्या टाक्यांची. "यात पन हाय," ती म्हणाली. "पोत्यातलं उरलं व्हतं. धाकटी जळाली तशी ही जळू नये म्हून भरलं."

आणि घडी घालण्याआधी, रोजच्या सवयीनं, तिनं वाकळ दोन्ही हातांनी वर उचलली.

"झटकू नको!"

इतक्या मोठ्यानं वसराम वर्षभरात बोलला नसेल. खोकत तो खालीच बसला. मी घडा उचलून वाकळीवर रिकामा केला. जिवनबाईही भिजली. मग खड्ड्याशी वाकून तिनं वाकळ आत सोडली.

"कदीपासून?" वसरामनं विचारलं.

"जन्मली तवापासून."

"अन रोज झटकायची?"

"व्हय. ती दुसरं टोक धरायची," जिवनबाई म्हणाली. "उन्हात धुरळा उडाला की लई हसायची."

मी खड्डा बुजवला. गोठ्यासाठी कापूस मिळाला नाही म्हणून रुसलो होतो, त्याची मला फार लाज वाटली.

त्यानंतर दुपारी कधी तांड्यात गेलो, की पारू बाजेवर झोपलेली असे आणि वसराम तिच्या पाठीला कान लावून बसलेला. ऐकताना स्वतःचा खोकला तो दाबून धरी, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"काय ऐकू येतं?" मी एकदा विचारलं.

"आजून काई न्हाई," तो म्हणाला, आणि कान उचलला नाही.