बादलीतला सातचा आकडा

खोटं बोलायला मला तुम्हीच शिकवलंत.

तुम्ही म्हणजे कोण, ते नाव घेऊन सांगणार नाही. ज्यांनी मला नाल्यातून उचलून नळाच्या पाण्याच्या बादलीत ठेवलं, ते त्यात आलेच. पण हजारो मैलांवर बसून ज्यांनी माझा तोच तो आकडा आठ महिने पाहिला आणि हा हलत कसा नाही, असं एकदाही विचारलं नाही, तेही आले.

मी वीतभर लांबीची काचेची कांडी आहे. माझ्या टोकाला बोराएवढा पातळ फुगा आहे. तो पाण्यात बुडवला की पाणी आंबट आहे की सोड्याचं, ते मी सांगते. सात म्हणजे साधं, सरळ पाणी. त्याच्या खाली आंबट, वर सोडा. मला एवढंच कळतं, पण पक्कं कळतं.

माझा जन्म बाल्टिक समुद्राकाठच्या एका थंड देशातला. माझ्या आधीच्या कांड्या शेजारच्या देशांत गेल्या होत्या. तिथली जुनी राजवट मोडून बाजार नव्याने उघडत होता आणि जुने कारखाने आपली घाण तशीच समुद्रात सोडत होते. समुद्र दोघांचा एकच. म्हणून आमच्या लोकांनी शेजाऱ्यांना टाक्या दिल्या, यंत्रं दिली. देऊन गप्प बसले नाहीत, दर महिन्याला बोटीने जाऊन पाहून यायचे. पाहणारच, त्यांची स्वतःची पोरं त्या पाण्यात पोहत होती. मला पेटीत भरणाऱ्या बाया हे सगळं अभिमानाने एकमेकींना सांगायच्या.

माझी पेटी मात्र सोलापूरला आली. सोलापूरचं पाणी त्या समुद्राला कधीच लागणार नव्हतं.

इथे चादरी-टॉवेलांचं सूत रंगवणारे नऊ डाईंगचे कारखाने एका नाल्यावर आहेत. परदेशी मदतीतून त्यांच्यासाठी एक मोठी टाकी बांधली होती. तिच्यात रंगाचा गाळ खाली बसायचा. पाण्यातला सोडा मारायला दुसरी टाकी लागणार होती. तीही मिळणार होती, पण एका अटीवर: पहिल्या टाकीचं पाणी वर्षभर चांगलं दिसलं पाहिजे. म्हणजे पाणी साफ करायचं साधन हवं असेल, तर आधी साफ पाणी दाखवा. ही अट लिहिणाऱ्याने लिहिलेलं परत एकदा वाचलं तरी असेल का?

टाकी सांभाळायला तिप्पण्णा होता. तीस वर्षं सूत रंगवून त्याची नखं कायमची निळी झालेली. त्याने मला हातात घेतलं तेव्हा, इतकी नाजूक कांडी पाण्यात टिकायची कशी, असं तो स्वतःशीच पुटपुटला आणि माझ्याभोवती प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा बसवला. इतक्या मायेने मला कोणीच हाताळलं नव्हतं.

टाकीतून पाणी नाल्यात पडायचं, त्या तोंडाशी मला बांधलं. पहिल्याच दिवशी मी अकरा म्हणाले. आठवडाभर अकराच म्हणत राहिले; तो आठवडा जुळवणीचा, वर्षाच्या हिशेबात धरायचा नव्हता. माझ्या तारेला जोडलेल्या पेटीच्या पडद्यावर उमटलेला आकडा त्याच क्षणी माझ्या देशातही दिसायचा.

आठव्या दिवशी प्रभुअण्णा आले. नऊ कारखान्यांच्या संघटनेचे ते अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. उन्हाळ्यात पलीकडच्या वस्तीला स्वतःचा टँकर पाठवायचा. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि तिप्पण्णाला समजावलं की पहिली टाकी नापास ठरली तर दुसरी जन्मात येणार नाही. आता सात दाखवू, दुसरी टाकी आली की कांडी परत जागेवर, मग कोणाला खोटं बोलायची गरजच पडणार नाही. तिप्पण्णाने मान खाली घातली आणि बादली भरून आणली.

त्या बादलीत मी आठ महिने होते. सात, सात, सात. बाहेर पाणी वाहत असल्याचा नुसता आवाज यायचा.

टाकीपासून दोनशे पावलांवर, नाल्याच्याच काठी, मल्लव्वाचा अर्ध्या एकराचा मळा. मेथी, शेपू, चुका. तिच्या विहिरीचं पाणी बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागायचं आणि मेथी उगवली की आठवड्यात पिवळी पडायची. दर चार दिवसांनी ती तिप्पण्णाकडे यायची आणि दुसरी टाकी कधी येणार, ते विचारायची. येत्या उन्हाळ्यापर्यंत विहीर सुधारली नाही तर मळा सोडून धुणीभांडी धरावी लागतील, असं एकदा ती सहज बोलावं तसं बोलून गेली. तिप्पण्णा त्या दिवशी जेवला नाही.

मग खंडेनवमी आली. कारखाने बंद, यंत्रं धुऊनपुसून पूजेला मांडलेली. नेमक्या त्याच दिवशी मदत देणाऱ्यांकडून हेलेना मॅडम पाहणीला आल्या. दुभाषी म्हणून तिप्पण्णाची मुलगी श्रीदेवी उभी होती, कॉलेजात रसायनशास्त्र शिकणारी. माझी बादली झेंडूच्या माळांखाली झाकली होती.

पूजेला मल्लव्वाला बोलावलं होतं. तिने पंपाच्या मोटारीला हळदकुंकू लावलं, पडद्याच्या पेटीला लावलं आणि शेवटी पाणी पडत होतं त्या पाइपाच्या तोंडाला हळदीची पाच बोटं ओढली. आदल्या दिवशीचं साठलेलं पाणी अजून वाहत होतं. त्याचे शिंतोडे उडाले आणि पिवळी बोटं बघता बघता लालभडक झाली.

कारखानदारांनी हात जोडले. देवीने हळदीचं कुंकू केलं, टाकीला देवी पावली, असं प्रभुअण्णा भारावून म्हणाले आणि त्यांनी पाइपासमोर नारळ फोडला. मल्लव्वा मात्र त्या लाल बोटांकडे पाहत राहिली. मग तिने पडद्यावरचा सात पाहिला आणि तोंड मिटून घेतलं. दुसरी टाकी यायची होती ना.

मॅडम खुशीत होत्या. त्यांनी छोटंसं भाषण केलं. श्रीदेवी मराठीत सांगता सांगता अडखळली, कारण मॅडम अभिनंदन करत होत्या. आठ महिने पाणी इतकं उत्तम होतं की इथे दुसऱ्या टाकीची गरजच उरली नव्हती. ती दुसऱ्या, जास्त गरजू गावाला देण्याचं ठरलं होतं.

प्रभुअण्णांचा चेहरा राखेसारखा झाला. कोणी टाळ्या वाजवेना.

"कसलं उत्तम?" मल्लव्वा म्हणाली. "हळदीच्या डागाला साबण लावला की त्यो लाल हुतोय, हे समद्या बायकांस्नी ठावं हाय. त्यात देवी कुटनं आली? सोडा हाय ह्या पाण्यात. माझ्या हिरीत बी त्योच हाय."

मॅडमनी श्रीदेवीकडे पाहिलं. श्रीदेवीने बापाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं आणि बापाची नोकरी कशावर उभी आहे, तेही.

"सांग," तिप्पण्णा म्हणाला. "जसं बोलली तसंच सांग, पोरी."

आणि त्याने माळा बाजूला सारल्या, मला बादलीतून उचललं आणि वाहत्या पाण्यात धरलं. मी हळूहळू चढत गेले. आठ, नऊ, दहा. अकरा.

मॅडम ओरडल्या नाहीत. टाकीच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, रविवारी कारखाने बंद असतानाही आकडा तोच कसा, असं एकदा मनात आलं होतं, पण अहवाल इतका छान दिसत होता की विचारावंसं वाटलं नाही. तिप्पण्णाला बोल लागू नये म्हणून प्रभुअण्णा पुढे झाले आणि खोटा आकडा दाखवायला लावणारा मीच, असं कबूल केलं. त्या क्षणी मला मॅडमचा आणि प्रभुअण्णांचा, दोघांचाही राग धरता आला नाही. आता अधूनमधून धरते.

कारण आता मी नाल्यात आहे. तिप्पण्णा रोज माझा फुगा पुसतो. तिकडून पत्र आलं आहे: सहा महिने खरे आकडे पाठवा, मग बैठक घेऊ, मग टाकीचं ठरवू. सहा महिने म्हणजे उन्हाळा उलटून जाईल. मल्लव्वाने या खेपेला मेथी पेरलेलीच नाही. मदत करणाऱ्यांनो, हात जोडून सांगते, आकडे मागा, जरूर मागा, पण एकदा या विहिरीत बोट बुडवून जा. शेजाऱ्याकडे जात होता तसे या. आणि कारखानदारांनो, टाकी येईपर्यंत वाट कसली पाहता, श्रीदेवीसारखी रसायनं जाणणारी पोरं तुमच्या गावात आहेत, सोडा कसा मारायचा ते त्यांना विचारा.

मल्लव्वाची सासू निंगव्वा रोज सकाळी टँकरवरून घागर भरून जाताना टाकीपाशी थांबते. तिला वाचता येत नाही. आज काय आलं, असं ती तिप्पण्णाला विचारते. आजही तिने विचारलं आणि त्याने अकरा सांगितलं.

"कालबी अकराच हुतं की," ती घागर सावरत म्हणाली. "ह्या कांडीला दुसरं काय येतंय का न्हाय?"