बाईंच्या वहीत नसलेला देव

हर्षलाबाईंना डॉक्टरेट कुणी मिळवून दिली, असं विचारलं असतं तर ठाकरवाडीतल्या पोशाने खुशाल स्वतःच्या छातीवर हात ठेवला असता, आणि त्यात फार खोटंही नव्हतं. कर्जत-खालापूरचे डोंगर बाईंना त्यानेच पायी फिरवले. कंद कुठे, झरे कुठे, लग्नात गाणी कुठली, सगळं सांगितलं. बाईंनी प्रबंध लिहिला, मग पेपरात दर रविवारचं सदर. बावीस वर्षांत या मुलखाबद्दल काही विचारायचं तर ते हर्षलाबाईंनाच, असं होऊन बसलं.

एकच गोष्ट पोशाने लिहू दिली नव्हती. डोंगरावरच्या देवाची जागा परक्याला सांगायची नाही, असा वाडीचा रिवाज. पण बाई चुलीपाशी बसून भाकरी खात. त्या कसल्या परक्या? म्हणून एका सकाळी तो त्यांना तिथे घेऊन गेला. "हात जोड, पन लिवू नको," म्हणाला. बाईंनी वही मिटली आणि शब्द पाळला.

आता त्याच डोंगरावर एका कंपनीचे बंगले यायचे होते. देवाची जागा आहे असं ठरलं तरच डोंगर वाचणार होता. शिळफाट्याच्या हॉलमध्ये सुनावणी लागली तेव्हा वाडी घाबरली, पोशा मात्र निवांत. "आपली बाय हाय ना," म्हणाला.

बाई आल्या आणि कंपनीच्या बाजूच्या खुर्चीत बसल्या. सल्लागार म्हणून. त्यांनी अहवाल वाचला, "माझ्या बावीस वर्षांच्या नोंदींत या डोंगरावर एकाही पूजास्थानाचा उल्लेख नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पोशाला रागाआधी स्वतःचीच लाज वाटली.

"बाय, तू हात जोडलंस ना गं तिथं?"

बाई कागद चाळत राहिल्या.

"बाबा, कुठे नोंद आहे का?" सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

पोशा उठला. बापाने, आज्याने जे मरेपर्यंत ओठांबाहेर काढलं नाही, ते भरल्या हॉलात बोलायचं होतं.

"लिवा, सायेब," तो म्हणाला, आणि कुठल्या झाडापासून किती पावलं, कुठला दगड, सगळं सांगू लागला.

इतक्या वर्षांच्या सवयीने हर्षलाबाईंचा हात पेनाकडे गेला.

"तू नको लिवू," पोशा म्हणाला.