संत आंब्रोझच्या डोळ्यांतलं पाणी

"आलं! आलं! डोळ्यांत पाणी आलं!"

सकाळचे दहा. एप्रिल असूनही हवा गारठलेली. आमचं स्लोव्हेनियातलं डोंगराळ गाव ते केवढं, पण गाश्परच्या मधपेट्यांपुढे जत्रा लोटली होती. पेट्यांच्या दर्शनी फळ्यांवर पणजोबांच्या काळातली चित्रं. त्यातला संत आंब्रोझ, मधपाळांचा रक्षणकर्ता, ढसाढसा रडत होता. पंधरा दिवसांपूर्वी गावात उपटलेल्या साधूने, ब्रदर सिरिलने, ही फळी 'साफ करून देतो' म्हणून नेली होती; परत बसवल्यापासून संत रोज रडत होता.

"हा संतांचा मध! थेंब जिभेवर ठेवा, डॉक्टरची पायरी बंद!" सिरिल पुकारत होता.

पुढेच मार्येता बसली होती, मांडीवर तिची नऊ वर्षांची लेक नेझा. मधुमेहाची पोर, आणि सिरिलच्या सांगण्यावरून दोन दिवस इन्सुलिन बंद! श्वास भराभर, डोळे अर्धे मिटलेले. मी शाळेतली बाई. रुग्णवाहिका मीच बोलावली होती, ती येऊन उभीही होती, पण मार्येता पोरीला सोडेना.

"बाई, हात लावू नका. आजचा थेंब मिळाला की बरी होईल."

माझा तोल सुटला. "घरातलं माणूस गेलं की आपण पेट्यांवर टकटक करून मधमाश्यांना सांगतो. नेझासाठी करायचीय का टकटक?"

तिने पोरीला आणखी घट्ट धरलं, पण उठली नाही.

"या नास्तिक बाईला हाकला!" सिरिल ओरडला.

माश्या फळीवर ये-जा करत होत्या. थेंबांवर मात्र एकही बसेना.

"गाश्पर, सांडलेला मध माश्या सोडतात का रे?"

"छे हो बाई, तुटून पडतात!" म्हणाला, आणि फळीकडे बघतच राहिला.

दहाच्या ठोक्याला या फळ्यांवर ऊन येतं. मी छत्री उघडून फळीवर सावली धरली. नेझाची धाप तेवढी ऐकू येत होती. हळूहळू थेंब पांढरे पडले, गोठले.

"मध नाही, डुकराची चरबी आहे ही!" मी म्हणाले.

गाश्परने फळी उपटून उलटी केली. मागे कोरलेला खळगा, त्यात चरबी, वरून मेणाचा लेप, आणि संताच्या डोळ्यांना सुईची भोकं. ऊन लागलं की चरबी वितळे आणि संत रडे. सिरिल सटकत होता. गाश्परने त्याची कॉलर धरली.

मार्येता पोरीला उचलून रुग्णवाहिकेकडे धावत सुटली. "इन्सुलिन द्या हो, आधी इन्सुलिन द्या!"

नेझा आठ दिवसांनी घरी आली. टकटक करायची वेळ थोडक्यात टळली.

ती फळी आता माझ्या वर्गात आहे, खळग्यासकट. मी मुलांना सांगते, पणजोबांची चित्रं जिवापाड जपा. पण चित्र रडायला लागलं तर हात जोडायच्या आधी फळी उलटून बघा. आणि कुणीही सांगितलं तरी औषध थांबवू नका.